घराण्याचा अर्धा तास

सावळाराम राहूच्या मळ्यात बाभळीच्या सावलीवरून वेळ सांगत, आणि ती चुकली तर दोष सूर्याला देत. त्यांचे चिरंजीव जयसिंगराव यांनी दौंडच्या रेल्वेतील एका गोऱ्या गार्डाकडून खिशातले घड्याळ विकत घेतले आणि ते अखेरपर्यंत छातीशी बाळगले. जयसिंगरावांचे चिरंजीव हनुमंतराव, ज्यांना सारा तालुका आबासाहेब म्हणे, त्यांनी मात्र घड्याळालाच हुकूम सोडला: या घरातली सगळी घड्याळे जगाच्या अर्धा तास पुढे चालतील. मुक्ताबाई त्या आबासाहेबांची सून. सासऱ्यांच्या मागे, आणि नवऱ्याच्याही मागे, तो हुकूम तिने जसाच्या तसा चालवला. दौंडातल्या बंगल्याच्या दिवाणखान्यात, स्वयंपाकघरात, आबासाहेबांच्या नावाच्या संस्थेच्या हॉलमध्ये आणि हॉलशेजारच्या ऑफिसात ज्या भिंतीवर घड्याळ होते तिथे ते अर्धा तास पुढे होते. या घराची माणसे कुठे उशिरा पोचली नाहीत, असे ती सांगे तेव्हा ऐकणाऱ्याला मान हलवण्यावाचून गत्यंतर नसे. तिची पंचाहत्तरी दोन दिवसांवर आली होती, हॉलपुढे मांडवाचे खांब उभे राहत होते, आणि ती जेवणाच्या टेबलाशी बसून आमंत्रितांच्या खुर्च्यांचा क्रम मनाशी लावत होती. समोर नात राजनंदिनी लॅपटॉप उघडून बसली होती. पुण्याच्या एका कंपनीत ती नेटवर्कचे काम करी. संस्थेची जुनी मेल नव्या जागी हलवून द्यायची गळ बापाने, म्हणजे विश्वजीतने, तिला घातली होती. ती एकाएकी हसली.

"अक्का, तुमच्या ऑफिसातली पत्रं निघायच्या आधीच पोचतात."

"म्हणजे काय?"

"म्हणजे हेच. पाठवलं सव्वापाचला, मिळालं पावणेपाचला. आणि एक नाही, ऑफिसातून गेलेली सगळीच तशी. प्रकाशाच्या वेगाला मागं टाकलंत तुम्ही."

मुक्ताबाईला आधी बरेच वाटले. घराण्याची रीत त्या काळ्या पेटीतही उतरली आहे, आणि परक्या कंपनीत शिकलेल्या पोरीला ती ओळखू येते आहे, याचा अभिमान तिच्या ओठांच्या कोपऱ्यापर्यंत आला. मग तिने विचारले, हे तुला कसे कळते. राजनंदिनीने पडदा तिच्याकडे वळवला. प्रत्येक मेलच्या माथ्यावर, ती सांगू लागली, हेडर म्हणून ओळी असतात. आपल्याला त्यातल्या दोन-चारच दाखवतात. त्यात तारीख आणि वेळ असते. ती वेळ पाठवणारे मशीन स्वतःच्या घड्याळात बघून लिहिते. घड्याळ बरोबर आहे का, हे त्याला कुणी विचारत नाही. पुढे वाटेत जो जो सर्व्हर ते पत्र हातात घेतो तो आपल्या घड्याळाचा शिक्का मारतो, टपालाच्या शिक्क्यासारखा. "हे शिक्के खरे. पण ते झाकलेले असतात. वर दिसते ती पाठवणाऱ्याची वेळ, आणि सगळे तीच वाचतात." तिने वेळेच्या शेपटाशी असलेल्या आकड्यावर बोट ठेवले. अधिक साडेपाच तास. जगाचे जे मूळ घड्याळ मानतात त्याच्या आपला देश किती पुढे आहे, ते तिथे लिहावे लागते, म्हणजे परदेशातल्या मशीनलाही हिशेब लागतो. मुक्ताबाई त्या आकड्याकडे बघत राहिली. देशाचे साडेपाच तास लिहायला तिथे जागा होती. घराण्याचा अर्धा तास लिहायला नव्हती. "हल्ली मशीन आपोआप वेळ जुळवून घेतं," राजनंदिनी म्हणाली, "पण तुमच्याकडं ते मुद्दाम बंद करून ठेवलंय. कुणाचं डोकं?" कुणाचे, ते मुक्ताबाईला ठाऊक होते. दौंडातला शाकीर कॉम्प्युटर बसवून गेला, दुसऱ्या दिवशी पेटीतले घड्याळ भिंतीशी जुळेना. तिने त्याला परत बोलावून आपल्यासमोर ते पुढे करायला लावले. तो म्हणाला होता, अक्का, ते आपोआप मागं येणार. ती म्हणाली होती, मग त्याचं आपोआप बंद कर.

ओठांच्या कोपऱ्यापर्यंत आलेला अभिमान तिथेच थांबला आणि हळूहळू आंबट झाला, दुधात काहीतरी पडावे तसा. कारण तिला एक मुलगी आठवली होती. निळ्या कुर्त्यातली, पाठीमागून चौथ्या ओळीत उभी राहिलेली.

"सुहानाचा अर्ज बघ," ती म्हणाली.

"कोण सुहाना?"

"इनुसची नात. आबासाहेबांची जीप चालवायचा तो इनुस. तीन वर्षांखालचा. आबासाहेबांच्या शिष्यवृत्तीचा."

राजनंदिनीची बोटे चालू लागली, आणि मुक्ताबाई खिडकीकडे बघू लागली, जणू उत्तर त्या बाजूने येणार होते. अर्ज पाचच्या आत यायचा होता. दुपारी सुहाना तिला फाटकाशीच भेटली होती. गोपाळवाडी रस्त्याला सकाळपासून वीज नव्हती, मोबाइलवर कागद चढत नव्हते. तिने स्वतः, कौतुकाने, तिला आत पाठवले होते: जा, ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून पाठव, सांग अक्कांनी सांगितलंय. बाकीच्या मुलींनी आपापल्या घरून, दुकानांतून अर्ज पाठवले होते, खऱ्या वेळेने. तिच्या कृपेतून गेलेला अर्ज एकच. तो निवड समितीपुढे छापून आला तेव्हा माथ्यावर वेळ होती पाच वाजून दहा मिनिटे, आणि समितीतले शिरूरचे हेडमास्तर म्हणाले होते, मुलगी हुशार आहे, दहा मिनिटांचं काय एवढं. तिनेच कागद बाजूला सारला होता. तो सारताना... इथे मुक्ताबाई थांबली. खिडकीबाहेर मांडववाले एकमेकांना दोर फेकत होते. तो कागद सारताना आपल्या मनात काही हलले होते का? केसाएवढे काही? ऑफिसचे मशीन, अर्धा तास, असे काही? तिला आठवेना, आणि आठवत नाही याचा तिला जो भरवसा वाटत होता, त्याच भरवशाची तिला भीती वाटू लागली. घड्याळ पुढे आहे हे या घरात कुणी लक्षात ठेवत नसे. हात आपोआप वजाबाकी करी, जसा तो अंधारात बटण शोधतो. त्या एका कागदावर तिच्या हाताने वजाबाकी का केली नाही?

"पाचाला वीस कमी," राजनंदिनी म्हणाली. "पहिल्याच सर्व्हरचा शिक्का आहे. वेळेत होता, अक्का. काय झालं होतं तेव्हा?"

मुक्ताबाईला तो दिवस जसाच्या तसा दिसला. निकालाच्या दिवशी हॉल भरलेला होता. नावे वाचून झाली आणि सुहाना उभी राहिली. मी पाचच्या आत पाठवला होता, ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण थरथरतही नव्हता. आणि मुक्ताबाईने माइक हातात घेऊन, प्रत्येक शब्द नीट उच्चारत, जसे ती सारे काही उच्चारी, म्हटले होते: ज्या घरात वेळ पाळायची रीत नाही, त्या घरात खोटं बोलायची रीत पडते. हॉलमध्ये कुणी हसले नाही. तेही वाईटच होते. हसले असते तर ते वाक्य हलके तरी झाले असते. शेवटच्या ओळीत इनुस बसला होता. त्याने नातीला हाताने खूण केली, बस म्हणून नव्हे, चल म्हणून, आणि दोघे भिंतीच्या कडेकडेने बाहेर गेले. त्यानंतर इनुस त्या हॉलची पायरी चढला नाही. सुहानाची नर्सिंगची जागा गेली, आणि ती कारेगावला एका कारखान्यात लागली, असे मुक्ताबाईने कुणाकडून तरी ऐकले होते आणि "शिकली असती तर" असे काहीसे म्हटलेही होते.

ते वाक्य तिचे नव्हते. हे तिला त्या दुपारी, उशीवर डोके टेकून डोळे उघडे ठेवून पडली असताना, हळूहळू दिसू लागले, तळ्याचे पाणी ओसरून जुनी पायरी वर यावी तसे. ते वाक्य आबासाहेबांचे होते. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि लग्नानंतर पहिल्यांदा शिरूरला माहेरी आली होती. नणंदेच्या सुपारीसाठी सोलापूरला जायचे होते. आबासाहेब दौंडच्या फलाटावर वाट बघणार, आणि इनुस जीप घेऊन तिला न्यायला शिरूरला आलेला. इनुसही तेव्हा विशीचाच, ओठांवर कोवळी मिशी, जीपच्या चाकाला टेकून उभा. तिने त्याला थांबवून ठेवले आणि धाकट्या बहिणीबरोबर दुपारच्या खेळाला गेली. सासरी सिनेमा नव्हता. पडद्यावर काय होते ते तिला आज आठवत नाही. आठवतो तो पत्र्याच्या छपराखालचा उकाडा, भाजल्या शेंगांचा वास आणि आपण कुणाच्याही सूनबाई नाही ही सुटल्यासारखी भावना, जी पुढे कधी आली नाही. मध्ये एकदा इनुसने डोअरकीपरकडून निरोप पाठवला, वहिनीसाहेब, निघायला पायजे. तिने उलट निरोप पाठवला, शेवट बघून येते. मग न्हावऱ्याच्या रस्त्याने धुरळा उडवत जीप पळाली, आणि ती मागे दांडी धरून, हसत होती, देवा, ती हसत होती. दौंडला फलाट रिकामा झालेला. गाडीचा धूर अजून पुलापाशी लोंबत होता. आबासाहेब वडिलांचे घड्याळ तळहातावर घेऊन उभे होते आणि त्यांच्याभोवती गावची चार प्रतिष्ठित माणसे, हमाल, चहावाले. इनुसने एकदा तिच्याकडे पाहिले. तिने पदर पुढे ओढला.

"जीप बंद पडली, आबा," इनुस म्हणाला. "रेडिएटर गरम झाला."

आबासाहेबांच्या चेहऱ्यावर काय उमटले, ते तिला पदरातून दिसले नाही. तिने ऐकले एवढेच. ज्या घरात वेळ पाळायची रीत नाही, त्या घरात खोटं बोलायची रीत पडते. सगळ्या फलाटासमोर. इनुस मान खाली घालून उभा राहिला आणि तिने तोंडातून शब्द काढला नाही. त्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. सुपारी हुकली, सोयरीक मोडता मोडता वाचली, आणि पुढच्या आठवड्यात आबासाहेबांनी खुर्चीवर चढून दिवाणखान्याचे घड्याळ स्वतःच्या हाताने अर्धा तास पुढे केले. लोक म्हणाले, आबासाहेबांची शिस्त. तीही तेच म्हणत आली, भाषणांतून, पाहुण्यांपुढे, नातवंडांपुढे. ज्या रीतीचा तिने आयुष्यभर दागिन्यासारखा वापर केला ती तिच्याच एका दुपारच्या खेळातून आणि तिच्याच मुकेपणातून निघाली होती. त्या अर्ध्या तासाने फिरून फिरून अखेर इनुसच्याच नातीला गाठले, आणि वाक्यसुद्धा तेच, तिच्या तोंडून. मुक्ताबाई उठून बसली. शरम ही गोष्ट तिने दुसऱ्यांना वाटताना पुष्कळ पाहिली होती. ती अशी असते, मानेच्या मागून कानाकडे चढत येणारी, तापासारखी, हे तिला पंचाहत्तराव्या वर्षी कळत होते.

संध्याकाळी विश्वजीत आला. राजनंदिनीने त्याला सारे सांगितले होते, आणि त्याने वाटेतच तोड काढली होती. "एक पत्र देऊ त्यांना, आई. तांत्रिक कारणामुळे म्हणून. शाकीरनं सेटिंग चुकीचं केलं होतं, मशीनमध्ये दोष होता. शिष्यवृत्ती यंदा देऊन टाकू. परवा तुमचा सत्कार आहे, आत्ता हे उकरायचं नाही."

"मशीनमध्ये दोष नव्हता."

"तेवढं म्हणायला काय जातं?"

"हेच म्हटलं होतं त्यानंही," ती म्हणाली. विश्वजीतला काही कळले नाही, आणि तिने त्याला कळवले नाही. "गाडी काढायला सांग. नको. रिक्षा बोलाव."

इनुसचे घर तिने बाहेरून अनेकदा पाहिले होते. उंबऱ्याच्या आत ती पहिल्यांदाच येत होती, हेही तिला उंबऱ्यावरच उमगले. सरदारबी, इनुसची बायको, डोक्यावरचा पदर सावरत उठली आणि खुर्ची पुसू लागली, आधीच स्वच्छ असलेली. इनुस बाजेवर बसून होता. गुडघे गेले होते, मिशी पांढरी झाली होती. सुहानाला साप्ताहिक सुट्टी होती. ती कारखान्याचा निळा शर्ट दोरीवर वाळत घालत होती आणि तिने हातातले काम थांबवले नाही.

"अक्का, हिकडं कुठं वाट चुकलात?" इनुस म्हणाला. "बसा. दारात उभं ऱ्हाऊन आमाला लाजवू नका."

मुक्ताबाई बसली. तिने सांगायला सुरुवात केली, हेडर, शिक्के, अर्धा तास. शब्द नीट लावलेले होते, पण ते या खोलीत मोठे वाटत होते, लग्नात आणलेल्या भांड्यांसारखे. इनुस ऐकत राहिला.

"म्हंजी पोरगी खरं बोलत व्हती," तो म्हणाला.

"व्हय." हा शब्द तिने कित्येक वर्षांत उच्चारला नव्हता.

"ते मला ठावं व्हतं. त्याला मशीन कशाला लागतंय?"

"अवं, गप बसा," सरदारबी म्हणाली. "घरी आल्यात त्या. चा टाकते."

मुक्ताबाईने सुहानाकडे मान वळवली. "जागा अजून मिळू शकते. संस्था सगळा खर्च करील. मी स्वतः बोलेन कॉलेजात."

"खर्चाचं नंतर बघू, अक्का," सुहाना म्हणाली. शर्टाची बाही झटकून तिने चिमटा लावला. "मी सेकंड शिफ्ट करते अन् सकाळी शिकते. उशिरा होईल, पण होईल. तुम्ही बोललात ते माइकवर बोललात. कारेगावला माझ्या खोलीत दौंडची एक पोरगी हाय. पहिल्याच दिवशी म्हणाली, तू तीच ना, अक्कांनी खोटारडी म्हणलेली."

"सुहाना," इनुस म्हणाला.

"नाही आजोबा. अक्का घरी येऊन सांगून गेल्या, हे मी कुणाला सांगू? कोण खरं मानेल?"

चहा आला. तो मुक्ताबाईने संपवला, तळाच्या साखरेसकट. मग ती उठली आणि म्हणाली, "परवा हॉलवर यायचं. दोघांनीही. अकराला."

इनुसच्या डोळ्यांत, तिला वाटले, जीपच्या चाकाला टेकलेला तो पोरगा एक क्षण डोकावला. "घरच्या घड्याळानं का गावच्या? आधी सांगून ठेवा. न्हाईतर पुन्हा आमीच उशिरा."

तिला हसू आले असते. पण हसण्याचा हक्क तिने त्या जीपमध्येच खर्च केला होता. "तुमच्या घड्याळाने," ती म्हणाली.

सत्काराच्या दिवशी हॉल पुढपासून मागपर्यंत भरला. राहूची भावकी, संस्थेचे सभासद, शिरूरहून तिचे माहेरचे भाचे, समितीतले ते हेडमास्तर, आणि खास पाहुणे म्हणून पुण्याचे एक निवृत्त प्राचार्य. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले आणि रिवाजाप्रमाणे सगळे ताठ बसले, कारण इथे अकरा म्हणजे अकरा. मुक्ताबाई मधल्या खुर्चीवर होती. तिने हात वर केला नाही. समईच्या वाती तशाच राहिल्या. विश्वजीत वाकून म्हणाला, आई, वेळ झाली. ती म्हणाली, झाली नाही. मग हॉलमध्ये एक विचित्र गोष्ट पसरू लागली. कुणी खोकले, कुणी मनगट पाहिले, कुणी मनगटावरून भिंतीकडे पाहिले आणि चटकन नजर काढून घेतली, जणू घरच्या बाईचे काही उघडे पडलेले दिसले होते. प्राचार्यांनी भाषणाचा कागद उघडून पुन्हा घडी घातली. पंख्यांचा आवाज मोठा झाला. मुक्ताबाईने आपली नजर दारावर ठेवली. फलाटावर आबासाहेब असेच थांबले असतील, तिच्या मनात आले. पण त्यांनी रागाने वाट पाहिली होती, आणि रागाने पाहिलेली वाट सोपी असते. ही वाट तिच्या अंगावरून एकेक माणसाच्या नजरेसारखी चालत होती. येतील का? आले नाहीत तर? न येण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. मानेमागचा ताप कानांपर्यंत चढला, आणि तिने तो चढू दिला. सबंध अर्धा तास, शहरातल्या प्रतिष्ठित माणसांदेखत, घराण्याची मुक्ताबाई बसून राहिली, काहीही न करता, उशीर झालेल्या बाईसारखी.

राजनंदिनीच्या मोबाइलवर अकरा वाजले तेव्हा दारात इनुस दिसला. एका हातात काठी, दुसरा हात सुहानाच्या खांद्यावर. ते शेवटच्या ओळीकडे वळले. पुढे या, असे मुक्ताबाईने म्हटले नाही. तिथे बसण्याचा निर्णय त्यांचा होता. ती उठली, आणि विश्वजीतच्या हातातून माइक घेतला. त्याच्या चेहऱ्यावर विनंती होती. ती तिने पाहिली आणि बाजूला ठेवली.

"जीप बंद पडली नव्हती," ती म्हणाली.

हॉलला काही समजले नाही. समजणारी दोन-चार म्हातारी माणसे होती, आणि त्यांनी माना वर केल्या. मागच्या ओळीत इनुसची काठी फरशीवर एकदा वाजली.

"छप्पन्न वर्षांपूर्वी दौंडच्या फलाटावर आबासाहेबांची गाडी चुकली. ती माझ्यामुळे चुकली. मी शिरूरला सिनेमा बघत बसले होते. इनुस वेळेवर आला होता, निघायचा निरोपही त्याने आत पाठवला होता, आणि माझ्यासाठी सगळ्यांदेखत खोटा ठरला. मी पदराआड उभी होते. इनुस पटेलच्या घरात वेळ पाळायची रीत आहे. ती मी त्या दिवशी मोडली." तिने एकदा श्वास घेतला, आवाज मात्र तसाच ठेवला, एकेक शब्द उच्चारलेला. "सुहानाचा अर्ज पाचच्या आत आला होता. ऑफिसचं मशीन माझ्या हुकमानं पुढं चालतं. मुलगी खरं बोलली होती. याच माइकवरून मी तिला खोटी म्हटलं. ते वाक्य मी इथेच परत घेते."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि तिला त्या नकोच होत्या. सुहानाने मान हलवली नाही, खालीही घातली नाही. ती सरळ तिच्याकडे बघत राहिली, एखादे काम नीट झाले आहे का ते तपासावे तशी. मग तिने आजोबांच्या कानाशी काही सांगितले. इनुस काठी टेकून उठला. सगळा हॉल वळला. तो भिंतीच्या कडेने नव्हे, खुर्च्यांच्या मधल्या वाटेने, गुडघ्यांना सांभाळत पुढे आला आणि पहिल्या ओळीत, हेडमास्तरांनी घाईने मोकळ्या केलेल्या खुर्चीवर बसला.

"आता करा सुरू," तो म्हणाला. "वेळ झाली."

मुक्ताबाईने समईकडे हात केला.